कल्पना पोहोचवणारे आणि रुजवणारे : डिजिटल पिढीवर नेमका कोणाचा प्रभाव पडतो?

दुर्बीण (धागाकर्ता)

इन्फ्लुएन्सर म्हटले की चर्चा लगेच फॉलोअरच्या आकड्यावर येते. ज्याला लाखो लोक पाहतात तो प्रभावी आणि ज्याला काही हजार पाहतात तो नवशिका, असा हिशेब जाहिरातदार करतात, पालक करतात आणि तरुण मुले स्वतःही करतात. मला हा हिशेब अपुरा वाटतो. एखादी कल्पना माणसापर्यंत पोहोचणे आणि ती त्याच्यात रुजणे या दोन वेगळ्या घटना आहेत आणि त्या बहुधा वेगवेगळ्या माणसांच्या हातून घडतात. समाजमाध्यमांवरच्या प्रभावाबद्दलचे आपले बरेचसे गैरसमज या दोन घटना एकच धरल्यामुळे होतात, असे माझे म्हणणे आहे आणि त्यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढला आहे.

हा विचार इंटरनेटपेक्षा बराच जुना आहे. १९४० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातल्या ईरी काउंटीमधील मतदारांचा कित्येक महिने पाठपुरावा केला. रेडिओ आणि वृत्तपत्रे मतदारांचे मत थेट घडवत असतील, अशी तेव्हाची समजूत होती. प्रत्यक्षात असे दिसले की अनेकजण आपल्याच वर्तुळातल्या एखाद्या जाणत्या माणसाचे ऐकत होते आणि तो जाणता माणूस मात्र इतरांपेक्षा अधिक लक्ष देऊन वाचत आणि ऐकत होता. १९५५ मध्ये एलिहू कॅट्झ आणि लाझार्सफेल्ड यांनी ही मांडणी आणखी विस्ताराने केली. माध्यमांकडून मतनेत्याकडे आणि मतनेत्याकडून इतरांकडे असा हा दोन टप्प्यांचा प्रवाह होता. त्यातला मतनेता हा कोणी मोठा पुढारी नव्हता, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तो भोवतालच्या माणसांसारखाच होता, फक्त त्या एका विषयात दोन पावले पुढे होता.

डिजिटल पिढीसाठी वापरली जाणारी ‘डिजिटल नेटिव्ह’ ही संज्ञा मार्क प्रेन्स्की यांच्या २००१ मधील लेखामुळे रूढ झाली. पडद्यांच्या सहवासात वाढलेली ही पिढी मुळातच वेगळ्या रीतीने विचार करते, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यावर शिक्षणतज्ज्ञांनी पुढे गंभीर आक्षेप घेतले आणि मला ते आक्षेप पटतात. उपकरण सराईतपणे हाताळता येणे आणि त्या उपकरणावर दिसणाऱ्या मजकुराची पारख असणे यांत मोठे अंतर आहे. म्हणून येथे मी तो शब्द केवळ एका वयोगटासाठी वापरतो. त्यातून कोणत्याही जन्मजात कौशल्याचा दावा करत नाही.

या वयोगटात कल्पना पसरवणारे मला मुख्यतः चार प्रकारचे दिसतात. खेळाडू, अभिनेते, गायक यांची कीर्ती समाजमाध्यमांच्या बाहेर तयार झालेली असते. ते विषयाकडे लक्ष वेधतात आणि त्यावर उघडपणे बोलायला हरकत नाही, अशी मुभा जणू देऊन जातात. दुसरे म्हणजे विज्ञान, अर्थकारण, आरोग्य, कायदा असे विषय समजावून सांगणारे. त्यांची पत त्यांच्या मांडणीच्या स्पष्टतेतून तयार होते आणि तोच धोकाही असतो, कारण एका विषयात कमावलेला विश्वास ते अनेकदा नकळत दुसऱ्या विषयात घेऊन जातात. खगोलशास्त्र सुरेख समजावणारा माणूस उद्या आहाराबद्दल बोलू लागला, तर श्रोता कालच्याच विश्वासाने ऐकतो. तिसरे म्हणजे थोड्या हजारांचे, कधीकधी शेकड्यांचेच वर्तुळ असलेले समवयस्क, जे कमेंटना उत्तरे देतात आणि ज्यांच्यासारखे आपण पुढच्या वर्षी होऊ शकू असे पाहणाऱ्याला वाटते. चौथा प्रकार आपण सहसा इन्फ्लुएन्सरमध्ये मोजतच नाही. तो म्हणजे मीमची पाने चालवणारे, क्लिप कापून पुढे पाठवणारे आणि गटांचे ॲडमिन. त्यांना चेहरा नसतो. ते ‘हे माना’ असे कधीच सांगत नाहीत. कशावर हसायचे आणि काय गृहीत धरायचे, एवढेच ते ठरवत राहतात. माझ्या मते चौघांत सर्वांत कमी अभ्यासला गेलेला आणि सर्वांत खोल परिणाम करणारा प्रकार हाच आहे.

पोहोचणे आणि रुजणे यांतला फरक ‘कोनी २०१२’ या मोहिमेत स्वच्छ दिसतो. युगांडातील सशस्त्र गटाचा म्होरक्या जोसेफ कोनी याला पकडावे यासाठी ५ मार्च २०१२ रोजी प्रसारित केलेली सुमारे अर्ध्या तासाची ती चित्रफीत जेमतेम सहा दिवसांत दहा कोटी वेळा पाहिली गेली. मोहिमेने २० प्रसिद्ध व्यक्ती निवडून तरुणांना त्यांच्याकडे पाठपुरावा करायला सांगितले होते आणि त्यांपैकी काहींनी ती चित्रफीत पुढे पाठवताच तिचा वेग वाढला. परंतु सुरुवातीचा जोर आला तो अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमसारख्या मध्यम आकाराच्या शहरांतील तरुणांच्या गटांकडून, ज्यांच्यात मोहीम चालवणाऱ्या संस्थेने आधीची काही वर्षे प्रत्यक्ष जाऊन काम केले होते. त्यानंतर २० एप्रिलच्या रात्री आपापल्या शहरात भित्तिपत्रके लावण्याचे आवाहन होते, त्याला मात्र अगदीच तुरळक प्रतिसाद मिळाला. पाहणारे कोट्यवधी होते, पण ज्यांच्या आसपास ओळखीचे कोणी या कामात नव्हते त्यांच्यासाठी ती केवळ पाहिलेली एक चित्रफीत राहिली.

संख्यावाचक

मांडणी आवडली. तिला बळ देणारे आणि थोडे अडचणीतही टाकणारे काही संशोधन येथे नोंदवतो.

डंकन वॉट्स आणि पीटर डॉड्स यांनी २००७ मध्ये संगणकीय प्रारूपे वापरून एक प्रश्न तपासला : कल्पनेची मोठी लाट उठते ती मूठभर प्रभावी माणसांमुळे का? त्यांना बहुतेक परिस्थितींत उत्तर नकारार्थी मिळाले. लाट उठायला सहज पटणाऱ्या माणसांचा पुरेसा मोठा समुदाय लागतो आणि तो तयार असेल तर सुरुवात अगदी सामान्य माणसाकडूनही होऊ शकते. पुढे २०११ मध्ये एतान बाक्षी आणि वॉट्स यांच्यासह चौघांनी ट्विटरवरील १६ लाख वापरकर्त्यांच्या नोंदी तपासल्या. ज्यांचे अनुयायी जास्त आणि ज्यांचे दुवे पूर्वी पसरले होते, त्यांचे दुवे सरासरीने अधिक पसरत होते हे खरे. परंतु अमुक व्यक्तीचा अमुक दुवा पसरेल का, हे आधी सांगता येत नव्हते. म्हणजे सरासरी खरी असूनही एका माणसावर पैज लावणे शहाणपणाचे नव्हते.

धागाकर्त्याच्या ‘रुजणे’ या मुद्द्याला खरा आधार डेमन सेंटोला यांच्या २०१० मधील प्रयोगातून मिळतो. त्यांनी आरोग्यविषयक संकेतस्थळावर १,५२८ स्वयंसेवकांना अनोळखी ‘आरोग्य-मित्र’ जोडून दिले. काहींचे मित्र एकमेकांचेही मित्र होते, म्हणजे जाळे दाट होते. इतरांचे मित्र यादृच्छिकपणे विखुरलेले होते. मग एका नव्या आरोग्य-मंचावर नोंदणी करण्याची वर्तणूक कशी पसरते ते पाहिले. बातमी विखुरलेल्या जाळ्यात लवकर पसरते हे मार्क ग्रॅनोव्हेटर यांच्या १९७३ मधील लेखापासून सर्वमान्य होते. येथे उलटे घडले : दाट जाळ्यांत जवळपास ५४ टक्के लोकांनी नोंदणी केली, तर विखुरलेल्या जाळ्यांत सुमारे ३८ टक्के. कारण असे की, माहिती एकदा ऐकली की पुरते; वर्तन बदलायला मात्र तीच गोष्ट वेगवेगळ्या ओळखीच्या माणसांकडून पुन्हा कानावर यावी लागते.

मोठा इन्फ्लुएन्सर आणि त्याचे फॉलोअर ही रचना नेमकी विखुरलेली आहे. सगळे त्याच्याकडे पाहतात, परस्परांकडे पाहत नाहीत. म्हणूनच त्याच्याकडून गाणे, शब्द, नाचाची एखादी लकब क्षणात पसरते, पण धूम्रपान सोडण्यासारखी महागडी गोष्ट पसरत नाही. महागडी म्हणजे जिच्यात पैसा, श्रम किंवा हसे होण्याची भीती आहे अशी.

वर्गशिक्षिका

मी माध्यमिक शाळेत शिकवते आणि मुलांच्या बोलण्यातून मला जे दिसते ते दोन्ही प्रतिसादांशी बरेचसे जुळते. पण एका बाबतीत जुळत नाही आणि ती बाब मला गंभीर वाटते.

दुर्बीण यांनी मोठ्या वर्तुळाचा माणूस रुजवू शकत नाही असे सूचित केले आहे. मुलांशी बोलताना मला असे जाणवते की, रोजच्या रोज आपल्या खोलीतून कॅमेऱ्याशी बोलणारा माणूस, त्याचे फॉलोअर वीस लाख असले तरी, मुलांच्या लेखी ओळखीचाच असतो. तो आजारी पडला तर त्यांना काळजी वाटते. त्याच्या घरच्यांची नावे त्यांना ठाऊक असतात. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्येच दूरचित्रवाणीच्या निवेदकांबद्दल बोलताना अशा एकतर्फी जवळिकीचे वर्णन केले होते. प्रेक्षकाला समोरासमोरच्या ओळखीचा भास होतो, पण निवेदकाला त्या प्रेक्षकाचा पत्ताही नसतो. आजच्या मंचांवर हा भास आणखी दाट झाला आहे, कारण कधीतरी एखाद्या कमेंटला खरोखर उत्तर येते आणि ते हजारो इतर मुले वाचतात. एकाला मिळालेले उत्तर प्रत्येकाला आपल्यालाच मिळाल्यासारखे वाटते.

दुसरे, पारख नसण्याबद्दल. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माध्यमिक शाळेतील २०३ मुलांना एका संकेतस्थळाचे मुखपृष्ठ दाखवले होते. त्यावरील एका मजकुरावर तो प्रायोजित असल्याचे स्पष्ट लिहिलेले होते. तरीही ८० टक्क्यांहून अधिक मुलांनी तो मजकूर खरी बातमी मानला. मुलांना तो शब्द वाचता येत होता, त्यामागचा व्यवहार ठाऊक नव्हता. तेव्हा आपण ज्यांना डिजिटल पिढी म्हणतो त्यांना हा व्यवहार कोणीतरी बसून शिकवावा लागतो, आणि ते काम आम्ही शिक्षकांनी टाळता कामा नये.

दुर्बीण

वर्गशिक्षिका, तुमचा आक्षेप मोलाचा आहे. त्यामुळे मला माझी विभागणी आकड्यावरून पूर्णपणे सोडवून नात्यावर न्यावीशी वाटते. वीस लाखांचा रोजचा सोबती आणि वीस लाखांचा चित्रपट-नट हे एकाच पातळीवरचे नाहीत. पहिल्याशी जवळीक वाटते, दुसऱ्याबद्दल कौतुक वाटते. कौतुकातून माणूस एखादी वस्तू विकत घेईल. स्वतःबद्दलचे किंवा जगाबद्दलचे मत बदलायला मात्र जवळीक लागते.

तरीही एक फरक राहतोच. एकतर्फी जवळिकीत प्रश्न विचारून उत्तर मिळवण्याची, हरकत घेण्याची सोय नसते. वर्गातला मित्र काही म्हणाला तर ‘पण तुझ्या बाबतीत तसे झाले नाही’ असे सांगता येते. कॅमेऱ्यापलीकडच्या मित्राला ते सांगता येत नाही, आणि सांगितले तर इतर फॉलोअरच अंगावर धावून येतात. त्यामुळे तेथे रुजलेली कल्पना वादविवादाच्या परीक्षेतून गेलेली नसते. ती घट्ट असते, पण तिची कारणे विचारली की मुले गप्प होतात.

आडवाट

आपण सगळे ‘कोण’ या प्रश्नात अडकलो आहोत असे मला वाटते. २०१२ मध्ये यूट्यूबने शिफारशी ठरवताना केवळ किती वेळा पाहिले यापेक्षा किती वेळ पाहिले याला महत्त्व द्यायला सुरुवात केली आणि त्यानंतर कोणत्या प्रकारची माणसे वर येतील हे बदलले. थोडक्यात आणि नेमके सांगणाऱ्यापेक्षा धरून ठेवणारा पुढे आला. टिकटॉकने तर फॉलो करण्याची गरजच जवळपास संपवली. तिथली मुख्य फीड, म्हणजे समोर येत राहणाऱ्या चित्रफितींची रांग, आपण कोणाला फॉलो करतो यापेक्षा आपण कशावर थांबतो यावर चालते. अशा फीडमध्ये काल खाते उघडलेल्या माणसाची चित्रफीतही लाखोंपर्यंत जाऊ शकते. मग दुर्बीण यांचे चार प्रकार उरतात कुठे? खरा मतनेता अल्गोरिदमच आहे आणि माणसे त्याला कच्चा माल पुरवत आहेत.

संख्यावाचक

आडवाट यांच्याशी मी अर्धाच सहमत आहे. अल्गोरिदम काय दाखवायचे ते ठरवतो. पुढे कोणाला पाठवायचे ते माणूस ठरवतो. सोरोश वोसूघी, देब रॉय आणि सिनान अरल यांनी २०१८ मध्ये ट्विटरवरील २००६ ते २०१७ या काळातील सुमारे १,२६,००० बातम्यांच्या प्रसाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. खोट्या बातम्या पुन्हा पाठवल्या जाण्याची शक्यता खऱ्यांपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त होती आणि १,५०० लोकांपर्यंत पोहोचायला खऱ्या बातमीला सुमारे सहापट वेळ लागत होता. बॉट, म्हणजे आपोआप चालणारी खाती, वगळून पाहिले तरी निष्कर्ष बदलला नाही, कारण बॉट खरे आणि खोटे सारख्याच वेगाने पसरवत होते. फरक माणसांच्या निवडीतून येत होता. शिवाय खोटे पसरवणाऱ्यांचे अनुयायी सरासरीने कमी होते, ही बाब या धाग्याच्या विषयाशी थेट जोडलेली आहे.

निळी शाई

पैशाचा मुद्दा अजून कोणी काढला नाही. कौतुकावर वस्तू विकली जाते असे दुर्बीण म्हणतात, पण कधी तो व्यवहार साध्या वस्तूपेक्षा बराच घातक असतो. किम कार्दाशियन यांनी इन्स्टाग्रामवर एका क्रिप्टो चलनाची भलामण केली आणि त्यासाठी अडीच लाख डॉलर मिळाल्याचे सांगितले नाही, म्हणून अमेरिकेच्या रोखे नियामकाशी ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांना १२.६ लाख डॉलर भरून तडजोड करावी लागली. तिथे निदान नियामकाचे लक्ष गेले. हजारभर फॉलोअर असलेल्या समवयस्काला फुकट वस्तू किंवा कमिशन मिळते, तेव्हा ते कोण पाहणार? जवळीक जितकी जास्त, तितकी तिची किंमत करणाऱ्यांना ती हवीशी वाटते. लहान इन्फ्लुएन्सर अधिक विश्वासार्ह असतात, हे वाक्य आता जाहिरातदारांच्या सादरीकरणांत असते, हे आपण विसरू नये.

दुर्बीण

निळी शाई, हे अगदी खरे आहे आणि म्हणूनच लहान वर्तुळाचे मी कौतुक करत नाही. त्याची ताकद फक्त दाखवतो. दाट, परस्परांना ओळखणाऱ्या गटात व्यायामाची सवय रुजते, तशीच उपाशी राहून शरीर छळण्याची सवयही रुजते. यंत्रणा दोन्हीकडे एकच आहे : तीच गोष्ट चार ओळखीच्यांकडून पुन्हापुन्हा येते आणि मग न करणाराच वेगळा पडतो.

आडवाट यांच्या प्रश्नाला दोन उदाहरणांनी उत्तर देतो. २०१४ च्या उन्हाळ्यातल्या आइस बकेट चॅलेंजने, म्हणजे डोक्यावर बर्फाच्या पाण्याची बादली ओतून घेण्याच्या आव्हानाने, एएलएस या मज्जाविकारासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतील एएलएस असोसिएशनकडे ११.५ कोटी डॉलर जमा झाले. त्यात असंख्य प्रसिद्ध लोक होते, पण मोहिमेचे चाक फिरत होते ते दुसऱ्याच गोष्टीवर : प्रत्येकाने कॅमेऱ्यासमोर आपल्या ओळखीच्या माणसांची नावे घेऊन त्यांनाही तेच करायला किंवा देणगी द्यायला चोवीस तासांची मुदत द्यायची. फीडने ते दाखवले, परंतु ज्याचे नाव घेतले गेले त्याच्यावर पडलेला भार फीडचा नव्हता. दुसरे उदाहरण ग्रेटा थनबर्ग यांचे. ऑगस्ट २०१८ मध्ये पंधरा वर्षांची ही मुलगी स्वीडनच्या संसदेबाहेर फलक घेऊन एकटीच बसली, तेव्हा ती कोणत्याही अर्थाने इन्फ्लुएन्सर नव्हती. १५ मार्च २०१९ रोजी शंभराहून अधिक देशांत दहा लाखांवर विद्यार्थी शाळा सोडून रस्त्यावर आले. तिचे नाव पोहोचवले माध्यमांनी आणि फीडने. पण एक फलक, एक शुक्रवार आणि एक सार्वजनिक जागा एवढ्यावर कोणालाही आपल्या गावात तेच करता येत होते, आणि प्रत्येक ठिकाणी ते पहिल्यांदा कोणा ओळखीच्या मुलाने किंवा मुलीने केले म्हणून इतर आले.

म्हणजे अल्गोरिदमला मी पोहोचवणाऱ्यांत धरतो, आजवरचा सर्वांत बलवान पोहोचवणारा म्हणून. त्याला मतनेता म्हणणे मला पटत नाही, कारण लाझार्सफेल्ड यांच्या मतनेत्याला आपल्या शब्दाची जबाबदारी शेजाऱ्यांसमोर घ्यावी लागत होती.

आडवाट

जबाबदारीचा निकष मान्य. पण मग चेहरा नसलेली मीमची पानेही त्या निकषात बसत नाहीत आणि तुम्ही तर त्यांचा परिणाम सर्वांत खोल म्हणता.

दुर्बीण

होय, आणि माझी काळजी नेमकी तिथे आहे. मीम पुढे पाठवणारा मित्र ओळखीचा असतो, बनवणारा अनोळखी. विश्वास मित्रावरचा असतो आणि मजकूर भलत्याचाच. एखाद्या समूहाला हिणवणारा मीम पाठवणाऱ्या मुलाला विचारले तर ‘गंमत होती’ असे तो प्रामाणिकपणे सांगतो, कारण त्याने ते मत म्हणून पाठवलेलेच नसते. पण तीच गंमत पाच मित्रांकडून आली की ते गटाचे गृहीतक होते. येथे पोहोचवणाऱ्याने आपली ओळख लपवून रुजवण्याचे काम मित्रांकडून करून घेतलेले असते.

वर्गशिक्षिका

मग वर्गात याचे काय करायचे, तेही सांगते. सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासाचे १० अभ्यासक, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि २५ विद्यापीठीय विद्यार्थी यांना अनोळखी संकेतस्थळे तपासायला दिली होती. अभ्यासक आणि विद्यार्थी बऱ्याचदा त्याच पानावर रेंगाळून मांडणी, बोधचिन्ह, भाषा यांवरून अंदाज बांधत होते. तथ्यतपासनीस काही क्षणांतच ते पान सोडून नव्या टॅब उघडत आणि या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते पाहत. मुलांना आम्ही हीच सवय लावण्याचा प्रयत्न करतो.

या चर्चेनंतर त्यात एका प्रश्नाची भर घालावीशी वाटते. एखादे मत मुलांनी मांडले की ते प्रथम कोठे पाहिले एवढे न विचारता, ते खरे वाटू लागले तेव्हा आणखी कोणाकोणाकडून ऐकले होते, हेही लिहायला सांगायचे. पहिल्या प्रश्नाला मुले बहुधा एखाद्या प्रसिद्ध खात्याचे नाव देतील. दुसऱ्याच्या उत्तरात वर्गातलीच नावे येण्याची शक्यता आहे, म्हणून ते कागद मी वर्गात मोठ्याने वाचणार नाही. प्रत्येकाशी वेगळे बसून बोलेन.